उचक्या देणारी लिफ्ट: जुन्या मॅसीचं टॉप कव्हर उघडताना

लिफ्टने, म्हणजे ट्रॅक्टरमागचं औजार तेलाच्या दाबाने उचलणाऱ्या यंत्रणेने, मोगडा पूर्ण वर उचलायचा, ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा करायचा, इंजिन हळू ठेवायचं आणि मागे वळून बघायचं. दर चार-पाच सेकंदांनी मोगडा दोन बोटं खाली यायचा आणि झटका देऊन परत वर जायचा. आमच्याकडे ड्रायव्हर सांगतात, "भाऊ, लिफ्ट उचक्या देऊन राहिली."

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५, चाळिशी पार केलेला. जमीन भारी काळी. काम मोगड्याचं, वखराचं, पेरणी यंत्राचं आणि मधूनमधून ट्रॉलीचं. तूर घरात आली आणि उन्हाळवाहीला अजून वेळ होता, तेव्हा हे काम काढलं. ज्याला विचारलं त्याचा सल्ला एकच होता: पंप गेला, नवा टाका. पंप शेवटी बदलावा लागलाच नाही. तो बदलून उचक्या थांबल्याही नसत्या, कारण गळती पंपाच्या वर होती.

हे समजायला लिफ्टची रचना डोक्यात हवी. १०३५ चा आराखडा मूळ ३५ चा. ३५ हे मॉडेल १९५६ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आलं. आपल्याकडे १९६० साली मद्रासला टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली आणि तिथून हा आराखडा गावोगाव पोचला. म्हणून याचे सुटे भाग आजही अकोला, अमरावती, नागपूर कुठेही मिळतात. पंप मागच्या धडात तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या औजाराला देणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. त्यात चार पिस्टन आहेत. तेल नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला आहे, ही लिफ्ट आणणाऱ्या हॅरी फर्ग्युसनची खरी करामत. गरज नसते तेव्हा पंपाला तेलच मिळत नाही. तो रिकामा फिरतो, तेल विनाकारण तापत नाही. औजार वर गेलं की व्हॉल्व्ह दोन्ही वाटा बंद करतो आणि सिलिंडरात कोंडलेल्या तेलावर औजार टांगलेलं राहतं. कोंडलेलं तेल कुठून झिरपलं की औजार थोडं उतरतं. ते उतरलेलं आतल्या लिव्हरला कळतं, व्हॉल्व्ह खेचण्याची वाट उघडतो, पंप उणीव भरून काढतो आणि औजार परत वर जातं. हीच उचकी. म्हणजे उचकी येते तेव्हा पंप नक्की काम करतोय! गळती मात्र दाबाच्या बाजूला कुठेतरी आहे.

अशा जागा मोजक्याच. सिलिंडरच्या पिस्टनच्या रिंगा. सिलिंडर आणि टॉप कव्हर (मागच्या धडावरचं झाकण) यांच्या सांध्यातली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. पंपातून वर तेल नेणाऱ्या उभ्या नळीच्या, म्हणजे स्टँडपाईपच्या, दोन टोकांच्या ओ-रिंगा. रिलीफ व्हॉल्व्ह. पंपाच्या बाजूच्या कप्प्यातले डिलिव्हरी व्हॉल्व्ह. आणि कंट्रोल व्हॉल्व्ह, जो पोलादी चकत्या आणि सील यांच्या थप्पीतून सरकतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टी टॉप कव्हर काढल्यावर हाती लागतात. उरलेल्यांसाठी पंप काढावा लागतो, आणि त्यासाठी पीटीओ शाफ्ट मागून ओढून पंपाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या खुंट्याही काढाव्या लागतात. कामात दुपटीचा फरक आहे. आधी बघावं, मग पाना लावावा.

लिफ्टची इतर दुखणी वेगळी असतात आणि त्यांची गल्लत होते. लिफ्ट अजिबात उचलत नसेल तर आधी डिपस्टिक बघा आणि क्लच बघा. ड्युअल क्लचच्या गाडीत पेडल अर्धं दाबलं की गाडी थांबते पण लिफ्ट चालते. पूर्ण दाबलं की लिफ्टही थांबते. पेडलवर पाय ठेवून बसायची सवय असलेल्या ड्रायव्हरची लिफ्ट 'कधी चालते, कधी नाही'. लिफ्ट वर जाताना पायऱ्या चढल्यासारखी टप्प्याटप्प्याने जात असेल, तर चारपैकी एखादा पिस्टन तेल देत नाही, म्हणजे त्या कप्प्याचा व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला असेल. तिथे पंपाकडेच जावं लागतं. सकाळी ठीक आणि दुपारी ढिली म्हणजे तेल तापून पातळ झाल्यावर गळती वाढते. आणि लिफ्ट खालीच येत नसेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह चिकटलेला असतो, नाहीतर लिफ्ट आर्म फिरवणारी आडवी क्रॉस शाफ्ट बुशात आवळलेली असते.

कव्हर उघडण्याआधी मोजमाप केलं. मोगड्यावर सिमेंटची दोन पोती बांधली, म्हणजे वर १०० किलो. खालच्या आर्मच्या टोकाची जमिनीपासूनची उंची टेपने घेतली आणि इंजिन बंद केलं. दीड मिनिटात मोगडा अर्ध्या उंचीपर्यंत उतरला. मग अर्ध्या उंचीवर थांबवून तेच केलं, तर तेवढ्याच उतरणीला जवळपास पाच मिनिटं लागली. ही तफावत महत्त्वाची निघाली. ओ-रिंग गळत असेल तर ती कुठल्याही उंचीवर सारखीच गळते. उंचीप्रमाणे गळती बदलते तेव्हा दोष सिलिंडरच्या एका ठरावीक पट्ट्यात असतो.

दुसरी पायरी डोळ्यांनी बघण्याची. उजव्या बाजूला डिपस्टिक असलेलं साईड कव्हर असतं. त्याच्या खालच्या कडेखाली पातळी जाईल एवढं तेल काढून घेतलं आणि कव्हर खोललं. लिफ्ट वर, इंजिन बंद, आणि आत टॉर्च. सिलिंडरच्या मागच्या उघड्या तोंडातून तेलाची सुतासारखी धार पडत होती. स्टँडपाईप पंपात शिरतो तिथेही ओल वाढत होती, पण थेंबाथेंबाने. पंपाच्या अंगावरून दुसरीकडून काही येत नव्हतं. इंजिन सुरू असताना या खिडकीत हात घालायचा नाही. आत पंपाचे भाग आणि लिव्हर हलत असतात, आणि औजार उतरलं तर रॅम आर्म, म्हणजे पिस्टन ढकलतो तो दांडा, हाड मोडण्याइतक्या जोराने फिरतो. वर टांगलेल्या औजाराखालीही शिरायचं नाही. ठोकळे लावले असतील तरच.

इथे प्रेशर गेजबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक पंप त्याच्यामुळेच भंगारात जातात. टॉप कव्हरवरच्या ट्रान्सफर कॅपचा प्लग काढून गेज लावतात, पोझिशनचा, म्हणजे औजाराची उंची ठरवणारा, लिव्हर कॉन्स्टंट पंपिंगला, म्हणजे पंप सतत तेल देत राहील अशा जागी, नेतात आणि काटा बघतात. ३५ मध्ये रिलीफ व्हॉल्व्ह अडीच हजार पीएसआयच्या आसपास उघडतो. आमच्या गेजने सोळाशे दाखवले. मिस्त्री लगेच म्हणाले, पंप कमजोर. पण ही जागा पंपालाही जोडलेली आहे आणि सिलिंडरलाही. सिलिंडर फुटक्या घागरीसारखा गळत असला तर उत्तम पंपही इथे कमीच दाब दाखवणार. गेजने पूर्ण दाब दाखवला तर दोघेही ठीक. कमी दाखवला तर दोष दोघांपैकी कुणाचाही. कुणी सुचवतं, कव्हर काढून स्टँडपाईपच्या डोक्यावरच गेज लावू. हे करू नका. कव्हर नसताना त्या नळीला वरून धरणारं काही नसतं, आणि त्या दाबात ती गोळीसारखी उडते.

तेल उतरवायचं ते गाडी तासभर चालवून, गरम असताना. धडाच्या खाली एकापेक्षा जास्त ड्रेन प्लग असतात. एकच काढला तर कप्प्यात तेल आणि गाळ राहतो. जवळपास ३० लिटर तेल निघतं, तेव्हा स्वच्छ टिपं आधी तयार हवीत. आमचं तेल ताकासारखं पांढुरकं होतं. एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकला तर तडतडला. चांगलं तेल तव्यावर गुपचूप धूर सोडतं, पाणी असलेलं फुटतं. टिप्यात रात्रभर ठेवल्यावर तळाला दोन-अडीच लिटर पाणी जमलं. गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं होतं आणि गाडी चार महिने उघड्यावर उभी असायची. सगळं पाणी तिथून गेलेलं.

आता कव्हर. सीट काढली, टॉपलिंक, म्हणजे औजाराला वरून धरणारा दांडा, काढली, दोन्ही लिफ्ट रॉड सोडले. लिफ्ट आर्म पूर्ण खाली आणून ठेवले, म्हणजे सिलिंडरात दाब उरत नाही. बोल्ट खोलण्याआधी कव्हरचा सगळा कडेकोपरा तारेच्या ब्रशने आणि डिझेलने धुतला, कारण त्या खाचांत वर्षानुवर्षांची काळी माती तेलात मळून गच्च बसलेली असते आणि कव्हर हललं की सरळ गिअरवर पडते. ट्रान्सफर कॅप आधी काढली. मग साईड कव्हरच्या खिडकीतून मोबाईलने दोन-तीन कोनांतून फोटो घेतले: वरच्या कव्हरमधून खाली लोंबणारा उभा लिव्हर पंपाच्या व्हॉल्व्हच्या रोलरला नेमका कुठल्या बाजूने टेकलाय ते. हे फोटो पुढे कामी आले.

कव्हर दोन गडी उचलतात, पण तसं करू नये. ते सरळ उभं वर यावं लागतं. तिरपं झालं की स्टँडपाईप वाकतो आणि उभा लिव्हर अडकून मुडपतो. कडुनिंबाच्या फांदीला चेन कुप्पी बांधली, कव्हरच्या चार कोपऱ्यांना सारखा ताण दिला आणि पहारीच्या टोकाने सांधा हलकेच सोडवला. उघडलेल्या धडावर लगेच धुतलेलं सुती धोतर टाकलं. दुपारची वावटळ उठली की उघडा गिअरबॉक्स संपलाच.

कव्हर उलटं करून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. इथे एक मोह आवरायचा असतो. पोझिशन कंट्रोल आणि ड्राफ्ट कंट्रोल (नांगराच्या ताणाप्रमाणे खोली सांभाळणारं) यांच्या लिव्हरांवर लॉकनट असलेले ॲडजस्टिंग स्क्रू दिसतात. ते सेट करायला ठरावीक मापाची साधनं लागतात. गळतीशी त्यांचा संबंध नाही. हात लावला नाही तर परत सेट करायची वेळ येत नाही.

सिलिंडरचे नट खोलले. पिस्टन साधारण हाताने निघतो. आमचा निघेना. तेलाच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दिली, समोर गोणपाटाची जाड घडी धरून आणि स्वतः बाजूला उभं राहून, तेव्हा सुटला. पिस्टनला बिडाच्या रिंगा होत्या, त्यांतली एक खाचेत गंजून चिकटलेली. दुसरी काढून मोकळ्या बोअरमध्ये सरळ बसवली आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजली. अंगठ्याचा नियम असा, की बोअरच्या दर इंचामागे तीन-चार थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, फट चालते. ही ४० च्या पुढे होती. काही गाड्यांत रिंगांऐवजी ओ-रिंग आणि बॅकअप रिंग असते. बाहेरून ते कळत नाही, म्हणून पिस्टन हातात आल्याशिवाय किट घेऊ नये. बॅकअप रिंग असेल तर ती दाबाच्या उलट बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या उघड्या तोंडाकडे जाते. उलटी बसवली की ओ-रिंग दाबाने फटीत शिरते आणि महिन्याभरात कुरतडली जाते.

बोअर बघितल्यावर दीड मिनिट आणि पाच मिनिटांचं कोडं सुटलं. बंद टोकाकडचा अर्धा भाग चकचकीत. उघड्या टोकाकडे मात्र गंजाच्या खड्ड्यांचा पट्टा, नखाला लागेल एवढा. औजार खाली टेकवून गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तेव्हा पिस्टन बंद टोकाला असतो आणि बोअरचा उरलेला भाग तेलाच्या पातळीच्या वर, दमट हवेत उघडा पडतो. तेलात पाणी असलं की तिथे गंज धरतो. मग पावसाळा संपून लिफ्ट पूर्ण वर गेली की रिंगा नेमक्या त्या खड्ड्यांवर येऊन थांबतात. अर्ध्या उंचीला त्या गुळगुळीत भागात असतात. औजार टेकवून ठेवणं सुरक्षेसाठी बरोबरच आहे, ते बदलायचं नाही. उभ्या गाडीची लिफ्ट पंधरवड्यातून एकदा दहा-बारा वेळा वर-खाली केली की बोअरला तेलाचा हात फिरतो, एवढं पुरतं.

नख अडकत नसतं तर ड्रिलला होन लावून, डिझेल सोडत, बोअर घासून नव्या रिंगा टाकल्या असत्या. इथे नख अडकत होतं. नवा सिलिंडर आणला. नवीन भाग म्हणून डोळे मिटून बसवायचा नाही. आणलेल्या सिलिंडरच्या तेलाच्या भोकाच्या कडेला मशीनची धारदार कूस होती, आणि आतल्या वाटेत ओतकामाची वाळू. कूस बारीक कानशीने मारली, रिंगा शिरतात त्या तोंडाला इमरी पेपरने हलका उतार दिला आणि पेट्रोलने तीनदा धुऊन हवा मारली. त्या वाळूचे दहा कण पंपात गेले असते तर नव्या सिलिंडरासोबत पंपही घ्यावा लागला असता. रिंगा बसवताना त्यांची तोंडं एका रेषेत आणायची नाहीत, समोरासमोर ठेवायची, आणि सगळं गाडीच्याच तेलात भिजवून.

स्टँडपाईपच्या खालच्या ओ-रिंगचा गोलपणा संपला होता. ती चपटी, चौकोनी झालेली आणि दाबल्यावर मोडली. वरचीही बदलली. ओ-रिंग घेताना जुनी नेऊन डोळ्यांनी जुळवू नये. जुनी दबून पातळ झालेली असते आणि दुकानदार तशीच पातळ देतो. खाचेची खोली आणि नळीचा व्यास व्हर्नियरने मोजून न्यावा, आणि रबर तेलात टिकणारं नायट्राईलचंच मागावं.

पंप काढला नाही, पण त्याला मोकळं सोडलं असंही नाही. स्टँडपाईपच्या भोकात काठोकाठ तेल भरून अर्धा तास ठेवलं, पातळी हलली नाही. मग भोकावर रबरी बूच दाबून बुचातून थोडी हवा दिली आणि कान लावला. रिलीफ व्हॉल्व्हकडून फुसफुस नाही, बाजूच्या कप्प्यांकडूनही नाही. ही कसोटी ढोबळ आहे. दहा पौंड हवेत न फुसफुसणारा व्हॉल्व्ह अडीच हजारात गळू शकतो. पण जो एवढ्याशा हवेतच फुसफुसतो, तो नक्की काढायचा. तेल खेचायच्या तोंडाची जाळी साफ केली. तिच्यावर लाल सिलिकॉनचे दोऱ्यासारखे तुकडे चिकटलेले होते, मागे कुणीतरी गॅस्केटला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे. सिलिकॉन सांध्यातून बाहेर येतो तेवढाच आतही जातो, आणि आतला कुणाला दिसत नाही.

क्रॉस शाफ्टच्या दोन्ही बाजूंनी तेल बाहेर पाझरत होतं, म्हणून ती काढली. रॅम आर्म आणि लिफ्ट आर्म यांच्या दातऱ्यांवर आधी ठशाने खुणा केल्या. बुश ठीक होते, सील बदलले. लिफ्ट आर्मचे शेवटचे बोल्ट किती आवळायचे याचं जुनं माप सोपं आहे: आर्म वर धरून सोडला तर स्वतःच्या वजनाने जेमतेम खाली यावा. त्यापेक्षा आवळला तर रिकामं औजार उतरत नाही आणि माणूस व्हॉल्व्हला दोष देत बसतो.

टॉपलिंक जिथे जोडतात, त्यामागची जाड ड्राफ्ट स्प्रिंग सगळे विसरतात. योक, म्हणजे टॉपलिंक अडकते तो तुकडा, हाताने मागेपुढे ओढून बघा. अजिबात खेळ नको. आमच्यात तीन मिलिमीटर होता. नांगराचा ताण याच स्प्रिंगमधून व्हॉल्व्हला कळतो. तिच्यात खेळ असला की पहिले तीन मिलिमीटर निरोपच पोचत नाही. मग नांगर एकदम खोल जातो, एकदम वर येतो, आणि वावरात लाटा उठतात. खेळ दोन ठिकाणी असतो. आधी योक आणि स्प्रिंग यांच्यातला: योक इतकाच आवळायचा की स्प्रिंग बोटांनी कशीबशी फिरेल. मग स्प्रिंग आणि धड यांच्यातला: बारीक स्क्रू ढिला करून मोठा गोल नट आवळायचा, खेळ संपला की तिथेच थांबायचं आणि स्क्रू परत बसवायचा. जास्त आवळून स्प्रिंग आधीच दाबून ठेवली तर ड्राफ्ट कंट्रोलला वेगळाच आजार होतो.

बसवताना कागदी गॅस्केट वापरलं, दोन्ही अंगांना फक्त तेल चोळून. बोल्टच्या भोकांतलं तेल आणि माती काडीला कापड गुंडाळून टिपून घेतली. बंद भोकात तेल राहिलं तर बोल्ट तळाला तेल दाबतो आणि बिडाचं धड तडकू शकतं. कव्हर चेन कुप्पीनेच उतरवलं, बोल्ट फुलीच्या क्रमाने दोन फेऱ्यांत आवळले.

आणि लिफ्ट हललीच नाही. साईड कव्हर अजून उघडंच होतं, हे नशीब. क्वाड्रंटचा, म्हणजे सीटजवळचा लिफ्टचा, लिव्हर वर-खाली करताना आतला व्हॉल्व्ह जागचा हलत नव्हता. फोटोशी ताडून पाहिलं तर उभा लिव्हर रोलरच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलेला. बोल्ट काढून कव्हर चार बोटं उचललं. एकाने खिडकीतून तारेच्या आकड्याने लिव्हर धरला, दुसऱ्याने कुप्पी सोडली. आवळण्याआधी परत बघितलं: क्वाड्रंट हलवला की व्हॉल्व्ह आत-बाहेर सरकतो. इंजिन बंद ठेवून करायची ही तपासणी पहिल्याच खेपेला केली असती तर अर्धा दिवस वाचला असता. साईड कव्हर सगळ्यांत शेवटी लावायचं ते याचसाठी.

तेलाबाबत आमच्याकडे सर्रास चूक होते. गिअरबॉक्स म्हटला की ९० नंबरचं गिअर ऑइल ओततात. या गाडीत गिअर आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात, आणि नियंत्रण खेचणाऱ्या बाजूला असल्याने पंपाला जाड तेल ओढणं जड जातं. पौषातल्या थंडीत सकाळी पंप कण्हतो आणि लिफ्ट म्हातारीसारखी उठते, ती यामुळे. शिवाय काही गिअर ऑइलमधली गंधकाची द्रव्यं पंपातल्या पितळी भागांना खातात. दोन्हीसाठी चालणारं ट्रॅक्टरचं तेल मिळतं, डब्यावर यूटीटीओ लिहिलेलं असतं. तेच भरलं. गाळ धुवायला आधी पाच लिटर स्वस्त तेल टाकून, गाडी न चालवता इंजिन हळू फिरवून, परत काढून टाकलं. कुणी डिझेलने धुतात. डिझेल कोपऱ्यांत राहून नवं तेल पातळ करतं, आम्ही ते टाळलं.

भरल्यावर इंजिन हळू ठेवून, औजार न लावता, लिफ्ट पंधरा वेळा वर-खाली केली. सुरुवातीला हवेमुळे धडधडते, मग शांत होते. पातळी परत बघितली तर खाली गेलेली. दोन लिटर आणखी लागलं. गेज लावलं तर काटा चोवीसशेच्या वर जाऊन रिलीफ वाजला. ही चाचणी चार-पाच सेकंदांचीच ठेवावी. पंप तोच होता, सोळाशे दाखवणारा. मग तोच मोगडा, तीच दोन पोती, तोच टेप. इंजिन बंद करून दहा मिनिटांत अर्धा इंच उतरण. जुन्या मॅसीला एवढी उतरण माफ आहे.

एक दुरुस्ती राहिली होती, ट्रॉलीची. हायड्रॉलिक ट्रॉलीचा पाईप सोडला की त्याचं तोंड मातीत लोळतं आणि पुढच्या वेळी तसंच जोडतात. वरून आज या गाडीला तर उद्या शेजाऱ्याच्या गाडीला ट्रॉली लागते, आणि तिच्या जॅकमधलं पाच-सात लिटर परकं तेल आपल्या धडात उतरतं. ट्रॉली वर असताना तेवढंच तेल धडातून कमी होतं. पातळी आधीच खाली असली तर पंप हवा ओढतो. कपलिंगच्या दोन्ही तोंडांना साखळीची टोपणं लावली, ट्रॉली शक्यतो बाहेर न देण्याचं ठरवलं. तेल ५० तासांनी पुन्हा तव्यावर टाकून बघितलं, तडतडलं नाही. गिअर लिव्हरला नवं बूट बसवलंय, आणि पाऊस असला की त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून ठेवतो.